शिकविणारे यंत्र आणि शिकणारे मूल

(नभोवाणीवरून झालेले भाषण)



माझा जन्म नारायणगावचा, आणि मास्तरकीची सारी वर्षेही गेली ती जुन्नर व आंबेगाव ह्या दोन तालुक्यांतच. जुन्या अकरावीची मॅट्रिक मी १९७४ साली पास झालो, शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले व शाळेत रुजू झालो. त्यापुढे पदवी म्हणून काही मिळविली नाही. तेव्हा संगणकासारख्या विषयावर मी बोलावे हे पुष्कळांना धाडसाचे वाटेल. परंतु यंत्रापुढे बसलेल्या मुलाचा चेहरा मी जवळून पाहिला आहे, आणि यंत्र बनविणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला तो योग येतो. त्या चेहऱ्यावरून जो प्रश्न मनात उभा राहिला त्याचाच इतिहास आज सांगावयाचा आहे. प्रश्न असा : यंत्र एकच, धडा एकच, वेळही तेवढाच, मग एका मुलाला त्यापासून विद्या मिळते आणि शेजारच्याला नुसता शीण, हे कशाने?

नेहमीचे उत्तर सोपे आहे. एक हुशार, दुसरा ढ. हे उत्तर मीही वीस-पंचवीस वर्षे देत आलो. ते अपुरे आहे, इतकेच नव्हे तर पुष्कळदा खोटे आहे, असे मला आता वाटते. आणि ज्यांनी ह्या विषयात आयुष्य घालविले त्या पंडितांचाही कल हळूहळू तिकडेच झुकत गेलेला आहे.

यंत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काच आणि कळफलक येतो. पण शिक्षणाचे यंत्र करण्याची कल्पना संगणकाहून फार जुनी. पंतोजींच्या शाळेला आपण आज हसतो. छडी, ओणवे उभे राहणे, पाठांतराचा गलका ह्या गोष्टी खऱ्याच. तथापि त्या शाळेत एक गोष्ट अशी होती की जी पुढे आपण गमावून बसलो. तेथे इयत्ता नव्हती. एक मुलगा धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवीत असे, दुसरा मोडीचा कित्ता वळवीत असे, तिसरा पावकी-निमकी संपवून दिडकीला लागलेला असे. ज्याचा जेथे मुक्काम तेथून त्याची पुढली मजल. पंतोजी मोठा विद्वान नसे. पण कोणाचे गाडे कोठे अडले आहे हे त्याला पक्के ठाऊक असे, कारण उद्या तेथूनच ते पुढे हाकावयाचे असे.

मद्रासेस लष्करातील अनाथ मुलांच्या शाळेवर अँड्र्यू बेल नावाचा पाद्री १७८९ साली अधीक्षक झाला. तिकडच्या देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली, ती युक्ती उचलली, आणि मोठ्या मुलांनी लहानांस शिकवावे अशी पद्धत आपल्या शाळेत बसविली. तिचा वृत्तान्त १७९७ साली लंडनला छापला गेला. त्याच सुमारास जोसेफ लँकॅस्टर ह्याने लंडनमध्ये तशीच शाळा काढली. एका मास्तराने शेकडो मुले सांभाळावीत, त्यांच्या तुकड्या पाडाव्यात, हुकूम होताच सर्वांनी एकदम पाट्या दाखवाव्यात, अशी तेथली घडी होती. शिकविणारी पहिली गिरणी ती हीच म्हणावयास हरकत नाही. आपल्याकडून गेलेले बी विलायतेत रुजले आणि कलम होऊन परत आले. १८२० नंतर मुंबई इलाख्यात ज्या नव्या मराठी शाळा निघाल्या त्यांवर ह्या पद्धतीची छाप होती. शिक्षण स्वस्त झाले, पुष्कळांना मिळू लागले. हा लाभ लहान नव्हे. परंतु पुढे इयत्तांची उतरंड पक्की झाली तेव्हा ‘तू कोठवर आला आहेस?’ हा पंतोजीचा प्रश्न मागे पडला, आणि ‘तू कितवीत आहेस?’ हा त्याच्या जागी आला.

सर्वांना एकच धडा द्यावयाचा म्हटल्यावर काही मुले मागे पडणारच. त्यांचे काय करावे, ह्या विवंचनेतून फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने ह्यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची पहिली कसोटी तयार केली. कोणत्या मुलाला जादा मदतीची गरज आहे एवढेच त्यांना ओळखावयाचे होते, आणि बुद्धी हा जन्मतःच ठरलेला ठोकळा आहे असे मानणाऱ्यांवर त्यांनी पुढे टीकाही केली. मौज अशी की त्यांच्या पश्चात् ती कसोटी पुष्कळांनी नेमकी ठोकळा मोजण्यासाठीच वापरली. आपल्याकडे हे काम धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत ह्यांनी केले. नुसत्या भाषांतराने भागणारे नव्हते. पॅरिसच्या मुलाला परिचयाची वस्तू धारवाडच्या मुलाने पाहिलेलीही नसावयाची. कानडी आणि मराठी मुलांवर पारखून घेतलेल्या त्या कसोटीची माहिती त्यांनी १९३४ साली प्रसिद्ध केली, व १९४० साली त्यांचा ग्रंथ ऑक्सफर्डने छापला. बिने-कामत ह्या जोडनावाने ती कसोटी आजही आपल्याकडे ओळखली जाते. तिच्यात एक साधा प्रकार आहे : परीक्षकाने काही आकडे सुटे सुटे उच्चारावयाचे आणि मुलाने ते त्याच क्रमाने परत म्हणून दाखवावयाचे. ह्या प्रकाराची आठवण श्रोत्यांनी ठेवावी; पुढे तिचे काम पडणार आहे.

इकडे कामत मुलांची बुद्धी मोजीत होते त्याच्या आधीच अमेरिकेत ओहायो येथे सिडनी प्रेसी ह्यांनी परीक्षा घेणारे यंत्र केले होते. हे १९२४ नंतरचे वर्तमान. खिडकीत प्रश्न दिसे, खाली चार कळा असत, आणि बरोबर कळ दाबल्याखेरीज पुढला प्रश्न येत नसे. पुरेशी उत्तरे बरोबर आली की खाऊची गोळी बाहेर पडावी, अशीही सोय त्यांनी केली होती. गोळीचा मोह काही टिकला नाही. यंत्रही मागे पडले.

मग १९५३ च्या नोव्हेंबरात बी. एफ. स्किनर हे मानसशास्त्रज्ञ आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात गणिताचा तास पाहण्यास जाऊन बसले. काही मुलांची गणिते केव्हाच झाली होती आणि ती चुळबूळ करीत होती. काहींना पहिलेच सुटत नव्हते. आणि कोणाचे बरोबर, कोणाचे चूक हे कोणासही त्या क्षणी कळत नव्हते. हे दृश्य प्रत्येक मास्तराच्या रोजच्या परिचयाचे असते, आणि रोजचे झाल्यामुळेच ते त्याला दिसेनासे होते. स्किनर मास्तर नव्हते, म्हणून त्यांना ते दिसले. त्यांनी केलेल्या यंत्रात धड्याचे अगदी बारीक तुकडे पाडलेले असत, आणि प्रत्येक उत्तराचा निकाल तत्काळ लागे. मुलाने आपल्या गतीने चालावे हा त्या यंत्राचा मोठेपणा होता. परंतु वाट सर्वांची एकच. आमची नारायणगाव-जुन्नर एस.टी. कोणाला घाई असो वा नसो, त्याच थांब्यांवर थांबते, तसाच तो प्रकार.

ह्या दोषावर उपाय सुचविला नॉर्मन क्राउडर ह्यांनी. हे गृहस्थ अमेरिकन हवाईदलात यंत्रांतील बिघाड शोधावयास शिकवीत असत, आणि बिघाड शोधणाऱ्याची दृष्टी त्यांनी मुलाच्या चुकीकडे वळविली. चूक उत्तर आले की ‘पुन्हा कर’ म्हणण्यात काय अर्थ? ज्याने ४२ मधून १७ वजा करून ३५ उत्तर काढले त्याची हातच्याची खोड वेगळी, आणि ज्याने ५९ काढले त्याची चिन्हाची खोड वेगळी. दोघांना वेगवेगळ्या पानावर पाठविले पाहिजे. पंतोजीचा जुना प्रश्न दीडशे वर्षांनी यंत्राच्या तोंडी आला तो असा. १९६० साली इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची संगणक-शिक्षणाची योजना सुरू झाली, आणि १९६६ साली स्टॅनफर्डचे पॅट्रिक सपीझ ह्यांनी भविष्य वर्तविले की, अलेक्झांडर राजपुत्राला जसा ॲरिस्टॉटलसारखा गुरू मिळाला तसा गुरू संगणकामुळे लक्षावधी मुलांना लाभेल.

ॲरिस्टॉटल लाभेल, पण त्याचे शिकविणे प्रत्येक शिष्याला मानवेल काय? हा प्रश्न विचारणाऱ्यांत अग्रणी ली क्रॉनबॅक. १९५७ सालच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी सांगितले की कोणती पद्धत उत्तम असे मोघम विचारू नका, कोणत्या शिष्यासाठी कोणती पद्धत उत्तम असे विचारा. वीस वर्षांनी, १९७७ साली, त्यांनी रिचर्ड स्नो ह्यांच्या साहाय्याने ह्या शोधाचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष प्रामाणिक होता, म्हणूनच थोडासा निराशेचाही. अमुक स्वभावाच्या मुलाला अमुक पद्धत, असे पक्के कोष्टक काही निघाले नाही. जे निघाले ते एवढेच की, ज्यांची तयारी चांगली ती मुले मोकळ्या, अर्धवट सांगितलेल्या धड्यातूनही शिकून जातात. ज्यांची तयारी कच्ची त्यांना धडा बांधीव, पायरी-पायरीचा लागतो.

येथे जाता जाता एक गोष्ट सांगून टाकतो. काही मुले पाहून शिकणारी, काही ऐकून शिकणारी, काही हातांनी शिकणारी, अशी वाटणी हल्ली शिक्षकांच्या शिबिरांतून सर्रास सांगितली जाते. मीही ती वहीत उतरवून घेतली होती. २००८ साली अमेरिकेतील चार मानसशास्त्रज्ञांनी ह्या मताचे सारे पुरावे चाळून पाहिले तेव्हा अशा वाटणीप्रमाणे शिकविल्याने लाभ होतो असे म्हणण्यास पुरेसा आधार त्यांना आढळला नाही. वहीतले ते पान मी काढून टाकले.

आपल्या देशात शाळेमध्ये संगणक आला तो १९८४ साली, केंद्र सरकारच्या योजनेतून, बी.बी.सी. मायक्रो नावाच्या यंत्रांच्या रूपाने. प्रारंभी निवडक अडीचशे शाळांना. आमच्या भागात ती लाट पोहोचेपर्यंत आणखी पंधरा-वीस वर्षे गेली. वास्तविक जगातील मोठमोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आमच्या शेजारच्या खोडद गावी उभी आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तिच्या तीस तबकड्या संगणकाच्या हुकुमाने आकाशाकडे माना वळवितात. दर २८ फेब्रुवारीला विज्ञानदिनी आमची मुले रांगेने तेथे जातात आणि तोंडात बोट घालून परत येतात. अंतराळातील क्षीण कुजबुज टिपणारी यंत्रे गावाच्या वेशीवर, आणि शाळेत मात्र एकही संगणक नाही, अशी काही वर्षे आम्ही काढली.

२००४ च्या सुमारास मी ज्या शाळेत होतो तेथे सहा संगणक आले. मी स्वतः तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेली. सरकारी नियमानुसार संगणकाची परीक्षा आम्हालाही द्यावी लागली, आणि शिकविणाऱ्या मुलीपुढे मी पहिल्यांदा वर्गातला ढ झालो. ‘माउस’ टेबलाच्या कडेवरून खाली पडे. ती एका दमात तीन गोष्टी सांगे. तिसरी ऐकेपर्यंत माझी पहिली विसरलेली असे. ह्या अनुभवाने मी लगेच शहाणा झालो असे मात्र नाही.

शाळेत गणिताची एक तबकडी आली होती. पडद्यावर शाब्दिक उदाहरण येई, उत्तराला वीस सेकंद मिळत, कोपऱ्यात घड्याळाचा काटा फिरे, आणि वेळ सरली की भोंगा वाजून शून्य पडे. सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. दहापैकी त्याची दोन उत्तरे बरोबर आली. माझे मत त्याच्याविषयी आधीपासून होतेच, आता यंत्राची साक्ष मिळाली. वर्गाच्या नोंदवहीत त्याच्यापुढे मी ‘मंद’ असा शेरा लिहिला, आणि त्या वर्षीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवावयाच्या यादीतून त्याचे नाव गाळले.

पंधरवड्याने मी टोमॅटोच्या बाजारात गेलो होतो. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार पुणे जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहे. हंगामात वीस-वीस किलोच्या क्रेटांच्या थप्प्या माणसाच्या डोक्यावर जातात. तेथे हा मुलगा आपल्या वडिलांबरोबर उभा होता. सदतीस क्रेट, दर एकशे पंच्याऐंशी. व्यापाऱ्याचे बोट गणनयंत्रावर पडण्यापूर्वी पोरगा म्हणाला, “सहा हजार आठशे पंचेचाळीस.” मी त्याला बाजूला घेऊन रीत विचारली. तो म्हणाला, “गुरुजी, दोनशेनं चौऱ्याहत्तरशे. पंधरा जास्त धरले, ते सदतीसदा पाचशे पंचावन्न. ते काढले.” ही रीत मी त्याला शिकविलेली नव्हती. मला स्वतःला ते गणित करावयास कागद लागला असता.

दुसऱ्या दिवशी त्याला संगणकापुढे बसविले आणि मी शेजारी बसलो. तेव्हा प्रथमच मी पडद्याकडे न पाहता त्याच्याकडे पाहिले. तो ओठ हलवीत एकेक अक्षर जुळवीत होता. ‘एका बागायतदाराने’ ह्या पहिल्या शब्दांवरच त्याचे पाच-सहा सेकंद गेले. वाक्याच्या शेवटी तो पोहोचला तेव्हा पहिला आकडा त्याच्या मनातून निसटलेला होता. तो परत वर गेला, आणि भोंगा वाजला. मग मी घड्याळाकडे दुर्लक्ष करण्यास सांगून उदाहरणे मोठ्याने वाचून दाखविली. दहापैकी आठ बरोबर आली. यंत्र गणिताची परीक्षा घेत होते असे आम्ही समजत होतो. वस्तुतः ते वाचनाच्या वेगाची परीक्षा घेत होते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत तोपर्यंत टळून गेली होती. त्याला मी तसे सांगितले. तो काही बोलला नाही.

मघाशी ज्या आकड्यांच्या प्रकाराची आठवण ठेवावयास सांगितले तो येथे उपयोगी पडतो. मन एका वेळी फार थोड्या गोष्टी धरून ठेवू शकते. जॉर्ज मिलर ह्यांनी १९५६ साली ती संख्या सातच्या आसपास सांगितली. पुढल्या संशोधकांनी ती चारपर्यंत खाली आणली. ही जणू मनाची हातपाटी. ती सर्वांचीच लहान असते, थोडीफार कोणाची मोठी. फरक पडतो तो तिच्यावर काय लिहावे लागते त्यात. ज्याचे वाचन सराईत झाले आहे त्याला अक्षरांसाठी पाटीची जागा खर्चावी लागत नाही. सारी पाटी गणितासाठी मोकळी. माझ्या विद्यार्थ्याची पाटी अक्षरांनीच भरून जाई, आणि आकड्यांना जागा उरत नसे. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर ह्यांनी १९८८ पासून ह्याच विचाराचे शास्त्र बनविले. हलती चित्रे, संगीत, कोपऱ्यातील घड्याळ, चमकणारी अक्षरे ह्या साऱ्यांचा भार त्या इवल्याशा पाटीवरच पडतो. यंत्र जितके नटवे तितके ते नवशिक्याला जड.

ह्याची दुसरी बाजू त्याच खोलीत बसली होती. वर्गातली एक चलाख मुलगी दुसऱ्या एका तबकडीवर भागाकार शिके. तीत प्रत्येक पायरी समजावून सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नसे. पहिल्या आठवड्यात तिला मौज वाटली, दुसऱ्यात कंटाळा, आणि तिसऱ्यात ती चुका करू लागली. मला वाटले, पोरगी शेफारली. पुढे वाचनात आले की स्वेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली नेमके हेच दाखविले होते : जी मदत नवशिक्याला तारते तीच जाणत्याला अडचण होते, कारण जे ठाऊक आहे ते पुन्हा ऐकून घेण्यातही पाटीची जागा खर्च होते. अर्थात मूल पुढे सरकले तसतसे यंत्राने आपले बोलणे कमी केले पाहिजे. ही कला पुष्कळ मास्तरांनाही साधत नाही.

भाषेचा हा अडसर केवळ आमच्या गावचा नव्हे. मुंबईत १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्रा. वि. गो. कुलकर्णी ह्यांच्या नेतृत्वाखाली महापालिकेच्या आणि खेड्यांतील शाळांतून जे काम केले, त्यात त्यांना हेच आढळले की विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा सोपी केली की ‘बुद्धी नाही’ म्हटलेल्या मुलांची समजूत वाढते आणि ती वर्गात बोलू लागतात. त्याच केंद्राच्या संशोधकांनी पुढे धारावीत घरच्या धंद्याला हात लावणाऱ्या मुलांचे व्यवहारी गणित अभ्यासले; माझ्या टोमॅटोवाल्याचे भाऊबंद तेथे पुष्कळ भेटतात. मात्र उलटी बाजूही सांगितली पाहिजे. बाजारातले गणित आपोआप वहीत उतरत नाही, आणि वहीतले बाजारात उतरत नाही. दोहोंमध्ये कोणीतरी पूल घालावा लागतो.

आता यंत्राने प्रत्यक्ष किती शिकविले ह्याचा हिशेब. ह्या बाबतीत आपल्याकडील सर्वांत विश्वसनीय पुरावा मुंबई आणि बडोदे ह्या दोन शहरांतला आहे. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ ह्या संस्थेने तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले वर्गातून बाजूला काढून वस्तीतल्याच एका शिकलेल्या मुलीच्या हाती रोज दोन तास सोपविली. ह्या मुलीला बालसखी म्हणत आणि तिला महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मिळत. बडोद्यात महापालिकेच्या शाळांना सरकारने चार-चार संगणक दिलेले होते. तेथे चौथीच्या मुलांना आठवड्यास दोन तास, एका यंत्रावर दोघे, गणिताचे खेळ दिले, आणि उत्तरे पाहून खेळ सोपा वा कठीण होईल अशी व्यवस्था केली. २००१ ते २००४ ह्या काळातील ह्या प्रयोगांची पाहणी अभिजित बॅनर्जी, एस्तर दुफ्लो आदी अर्थशास्त्रज्ञांनी केली. (बॅनर्जींचे आजोळ मराठी आणि जन्म मुंबईचा, हे आपल्याला सुखावणारे.) बडोद्यात दुसऱ्या वर्षी गणितातील वाढ प्रमाण-विचलनाच्या ०.४७ पट भरली. सोप्या शब्दांत, शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्ये असलेले मूल अठरा-एकोणीस जागा पुढे सरकले. आणि ही वाढ हुशार व मागे पडलेली, दोन्ही प्रकारच्या मुलांत दिसली, कारण यंत्र प्रत्येकाला त्याच्या पायरीवर भेटत होते. बालसखीचा लाभ मात्र मुख्यतः तिच्याकडे गेलेल्या मुलांना झाला. वर्ष उलटल्यावर पाहिले तेव्हा दोन्हीकडच्या वाढीचा बराच भाग ओसरलेला होता, हेही त्यांनी लपविले नाही.

ह्याहून उद्बोधक प्रयोग गुजरातेतच ली लिंडन ह्यांनी ‘ज्ञानशाला’ ह्या संस्थेच्या शाळांतून केला. तबकडी तीच, मुले तशीच. एकीकडे शाळेच्या वेळात शिक्षिकेचा तास कमी करून त्या जागी संगणक ठेवला. दुसरीकडे शाळा सुटल्यावर तो जादा म्हणून दिला. जादा दिला तेथे मुले पुढे गेली, आणि त्यांतही मागे पडलेल्यांना अधिक लाभ झाला. शिक्षिकेच्या जागी दिला तेथे मुले पूर्वीपेक्षा मागे आली, आणि थोडीथोडकी नव्हे. मंत्रालयात संगणकांच्या खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्यांनी हा एक निबंध तरी वाचावा.

दिल्लीत २०१५ साली ‘माइंडस्पार्क’ नावाच्या कार्यक्रमाची पाहणी झाली. त्यात ६१९ मुले होती. सहावीत बसलेले मूल सरासरीने गणितात अडीच इयत्ता मागे होते, आणि नववीपर्यंत ते अंतर साडेचार इयत्तांचे झालेले होते. केंद्रावर रोज अर्धा वेळ यंत्रापुढे व अर्धा शिक्षकाजवळ, अशी साडेचार महिने मेहनत झाल्यावर गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ इतकी वाढ झाली. त्याच अवधीत नुसत्या शाळेत बसलेल्या मुलांपैकी खालच्या तिसऱ्या भागाने जवळजवळ काहीच मिळविले नव्हते. तथापि शाळेच्या स्वतःच्या गणिताच्या परीक्षेत ही वाढ उमटली नाही. सातवीतला मुलगा चौथीच्या पायरीवरून पाचवीच्या पायरीवर आला. शाळा त्याला सातवीचे विचारीत राहिली. तिच्या लेखी तो अनुत्तीर्णच.

याच्या अगदी उलट टोकाचा प्रयोग म्हणजे सुगत मित्र ह्यांचा. १९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात त्यांनी भिंतीत संगणक बसविला आणि मुलांना मोकळे सोडले. पुढे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही तशी केंद्रे निघाली. मुले यंत्र चालवावयास आपापली शिकली ह्यात शंका नाही, आणि ते पाहून आनंद होतो. परंतु भिंतीपुढील त्या गर्दीत पुढे कोण घुसते आणि कडेला कोण उभे राहते, हे मास्तराला कोणी सांगावे लागत नाही.

माझ्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. मी त्याला रोज अर्धा तास वाचावयास बसविले; सुरुवातीला बाजारभावाची पत्रके, मग गोष्टी. मार्चपर्यंत वाचनाला वेग आला, आणि त्याच तबकडीवर, त्याच वीस सेकंदांत, त्याची सात उत्तरे बरोबर येऊ लागली. नोंदवहीतला ‘मंद’ हा शब्द मी तांबड्या शाईने खोडला. परंतु तोवर ती वही वरिष्ठांनी तपासून त्यावर सही केलेली होती. आज त्याचा स्वतःचा गाळा आहे. तो कागद वापरीत नाही.

मागल्या महिन्यात नातवाच्या भ्रमणध्वनीवर हल्लीचे ते मराठीत बोलणारे, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारे यंत्र मी पाहिले. सदतीस क्रेट, दर एकशे पंच्याऐंशी, हेच गणित त्याला घातले. उत्तर क्षणात आले, आणि ते बरोबर होते. खाली रीत दिली होती, शुद्ध मराठीत, व्यवस्थित. मी ओळी मोजल्या. अकरा होत्या.